अनसाआत्याचा संशय

माझ्या आत्येभावाचा, बाळूचा फोन आला तेव्हा मी शाळेत, पोषण आहाराच्या खोलीसमोर उभी होते. मुलांच्या ताटल्यांचा एवढा गलका चालला होता की त्याचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. बाजूला जाऊन विचारलं तर म्हणाला, "ताई, आई गेली." … अशी बातमी ऐकल्यावर तोंडातून काय निघावं हे आपल्या हातात नसतं. कुणी कधी म्हणून विचारतं, कुणी कशानं म्हणून विचारतं. माझ्या तोंडून निघालं, "काय दिलं होतं तिला?" बाळू हळूच म्हणाला, "काहीच न्हाई, ताई. कसम घेऊन सांगतो, काहीच न्हाई दिलं. सकाळी शेळीला पाला टाकला, बाजेवर टेकली, अन् मान कलली. डॉक्टर आल्ता. हार्ट म्हन्ला." मी बरं म्हणाले, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मिळेल त्या गाडीनं हसनाबादकडे निघाले. राजूर मागे पडलं, कपाशीची रानं सुरू झाली, तरी रडू येईना. डोक्यात एकच होतं… पोचल्याबरोबर आधी तिची खोली बघायची. आणि मी खरोखर तेच केलं. अंगणात बायका तिच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या, आणि मी तिच्या खोलीतला कोनाडा, पत्र्याची पेटी, गादीखालची जागा चाचपत होते. तिची सून मंदा दारात उभी राहून बघत होती. मी काय शोधतेय हे तिला बरोबर कळत होतं. मला काही सापडलं नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. तिच्यावर चार शब्द लिहावेत असं मनात आलं तेव्हा वाटलं, गोडधोड आठवणी लिहून मोकळं व्हावं. पण तिला ते चाललं नसतं. गोड बोलणाऱ्या माणसाकडे ती डोळे बारीक करून बघायची.

अनसूया हे तिचं नाव. आम्ही सगळे अनसाआत्याच म्हणायचो. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. आमचं घराणं मूळचं मेंढरांवर जगणारं. आजोबा कळप घेऊन रानोमाळ हिंडायचे, पुढे थोडी जमीन झाली आणि पाय एका जागी टेकले. आत्याला हसनाबादला दिली. आमच्या वस्तीवर पुढची शाळा नव्हती म्हणून वडिलांनी मला तिच्याकडे आणून सोडलं, आणि पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिच्याच घरात वाढले. बाळू तेव्हा रांगत होता. मला घडवण्यात माझ्या आईपेक्षा तिचा हात जास्त आहे, आणि तिनं मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कुणी सांगितलं म्हणून खरं धरायचं नाही. बाजारात वांगी घेताना ती वरची बाजूला सारून खालची काढायची. बियाण्याची पिशवी दुकानदाराला समोर फोडायला लावायची, चार दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरायची, आणि मगच म्हणायची, "बांध." एकदा दवाखान्यातली बाई लस टोचायला घरी आली, तर आत्यानं तिच्या हातातली बाटली घेतली आणि उलटसुलट करून कितीतरी वेळ बघितली. ती बाई गेल्यावर मी विचारलं, "आत्या, तुला तर वाचता येत न्हाई. काय बघत होतीस?" आत्या म्हणाली, "मला वाचता येत न्हाई हे तिला कुठं माहीत हाय?"

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट तर आमच्या नात्यात अजून सांगतात. स्थळ तीर्थपुरीचं होतं. मुलगा शिकलेला, घरची शेती, वडील एका पायावर तयार. आत्यानं होकाराच्या आधी थोडा वेळ मागितला, आणि कुणाला न सांगता बाजाराच्या दिवशी एकटीच तीर्थपुरी गाठली. मेंढी विकत घ्यायचीय असं सांगत ती त्या घराच्या आळीत फिरली, शेजारणीच्या ओट्यावर बसली, पाणी प्याली, पानसुपारी काढली. परत आल्यावर वडिलांना म्हणाली, "पोरगं बराबर हाय. सासू तापट हाय, पण खोटी न्हाई. देऊन टाक." मी त्याच घरात नांदले. सासूबाई तापट होत्या. खोट्या नव्हत्या.

सांगायचं एवढंच की संशय हा आत्याचा स्वभाव होता. तो म्हातारपणी आलेला नव्हता. हे जर कुणी एकानं, फक्त एकानं, वेळेवर नीट ऐकून घेतलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं असं मला आजही वाटतं.

तिच्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. शांत माणूस. थोड्या दिवसांच्या दुखण्यानं ते गेले, आणि आत्याची झोप उडाली. जेवण कमी झालं. डब्यातलं पीठ कुणीतरी काढतंय, काढून ठेवलेली माझी जोडवी कुणीतरी लपवलीत, असं ती म्हणायला लागली, आणि त्यात नाव यायचं ते मंदाचं. सगळंच मंदानं ऐकून घ्यायचं. मंदानं ते कसं सोसलं हे मला तेव्हा दिसलं नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईनं दाराशी पाय ठेवला की सासूनं तिच्या ओच्याकडे बघायचं… हे सोपं नसतं. बाळूनं गावातल्या डॉक्टरला सांगितलं. त्यानं झोपेची गोळी दिली. दुःखात आहेत, थोडे दिवस द्या, म्हणाला. ते थोडे दिवस कधी संपायचे हे त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. रिकामं पाकीट दाखवलं की मेडिकलवाला नवं द्यायचा. गोळीनं झोप लागली. पण सकाळीही डोळे उघडेनात, चालताना भिंतीला हात लावावा लागे, आणि एके दिवशी हौदापाशी तोल जाऊन ती पडली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तोवर ती नावं विसरायला लागली होती. शेजारच्या बाईला माझ्या आईच्या नावानं हाक मारायची.

मग बाळू तिला शहरातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डोक्याचे मोठे डॉक्टर, बाहेर गर्दी, आत काचेचं टेबल. तिथं काय झालं हे बाळूनं मला खूप नंतर सांगितलं. डॉक्टरांनी सगळं त्यालाच विचारलं. झोपतात का, खातात का, शिव्या देतात का. आत्या बाजूच्या स्टुलावर बसलेली. ती म्हणाली, "मला इचारा की." डॉक्टर बाळूकडे बघून हसले. मग त्यांनी विचारलं, "संशय घेतात का?" बाळू म्हणाला, "लई. आधीपासूनच." डॉक्टरांनी 'लई' ऐकलं. 'आधीपासूनच' त्यांच्या कानावर पडलं की नाही, कुणास ठाऊक. गोळ्या लिहून दिल्या. आत्या त्या जिभेखाली धरायची आणि गोठ्याच्या मागं थुंकायची. मंदाला तिथं भिजलेल्या गोळ्या दिसल्या. पुढच्या खेपेला बाळूनं हे सांगितलं, तर डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली. रंग नाही, वास नाही, चव नाही. चहात घालून द्या, कळणार पण नाही, म्हणाले.

त्यानंतर आत्याचा मला फोन आला. फोन बाळूच लावून द्यायचा. ती म्हणाली, "सुमे, हे लोक मला चहात कायतरी घालून देऊन राह्यले." मागून बाळूनं फोन घेतला. "ताई, हेच ते. डॉक्टर म्हन्लेच होते, असं बोलतील म्हणून. मनावर घेऊ नको." मी मनावर घेतलं. ती काय म्हणाली त्यापेक्षा कशी म्हणाली त्यानं मी दचकले. संशय तिचाच होता, पण जीभ तिची वाटत नव्हती. तोंडात ओला कापूस धरून कुणी बोलावं तसे शब्द येत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मी पिशवी भरली आणि हसनाबादला गेले.

दारात बसलेली म्हातारी ही आत्याच आहे हे कळायला मला क्षण लागला. चेहरा कोरा. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. हात मांडीवर थरथरत होता, अगदी सारखा, थांबतच नव्हता. उठून आत गेली तर पाय उचलून टाकेना. लहान लहान, घासत पावलं. त्या थरथरीसाठी गावातल्याच दुसऱ्या एका डॉक्टरनं एक पांढरी गोळी सुरू केली होती. ती सुरू झाल्यापासून आत्याला भर दुपारी अंगणात मेंढरं दिसायला लागली होती. माझ्यासमोरच ती म्हणाली, "मेंढरं आत आली… हाकला कोणीतरी." अंगण रिकामं होतं. बाळू कपाळावर हात मारून म्हणाला, "बघ ताई, आता हे पन चालू झालं." शहरातल्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी थेंब वाढवायला सांगितले होते.

मी खोटं लिहिणार नाही. त्या दोन-चार दिवसांत माझ्या मनात फार वाईट वाईट येत होतं. जमीन आत्याच्या नावावर होती. घरात बोलणारी, हिशेब ठेवणारी, नाही म्हणणारी तीच होती, आणि आता ती कोपऱ्यात बसून लाळ गाळत होती. मी बाळूकडे बघायचे, मंदाकडे बघायचे, त्यांचं आपसातलं हळू बोलणं कान देऊन ऐकायचे. एका दुपारी मी मागच्या दारानं आत आले तर स्वयंपाकघरात मंदा पाठमोरी उभी होती. ओट्यावर कप. तिनं डाळीच्या डब्यामागून छोटी बाटली काढली, कपावर वाकडी केली, मोजत थेंब सोडले, चमच्यानं चहा ढवळला. वळली तर समोर मी.

"काय घातलंस?"

बाटली तिच्या हातातच राहिली. "औषध हाय, ताई."

"मग आत्या बरोबरच म्हणत होती."

मंदा खाली बसली. पदर तोंडाला लावला. म्हणाली, "डॉक्टरनीच सांगितलं, ताई. मी माझ्या मनानं न्हाई घातलं. यांनी सांगितलं, डॉक्टरनी सांगितलं, मंग मी काय करणार? रोज कप हातात देते, अन् त्या माझ्याकडं बघतेत. इचारतेत, मंदे, ह्यात काय हाय? मी म्हन्ते, काही न्हाई, आत्याबाई. रोज म्हन्ते." आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात. ती रडायला लागली.

मी तो चहा मोरीत ओतला. पण तिच्या रडण्यावर तेव्हा माझा विश्वास बसला नाही, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी बाळूला घेऊन मी त्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर पेशंटची रांग होती, आणि रांगेला वळसा घालून टाय लावलेली, काळी बॅग घेतलेली औषध कंपन्यांची माणसं एकेक करून आत जात होती. आमचा नंबर आला. मी म्हटलं, हात थरथरतात, चालता येत नाही, माणूस ओळखू येत नाही असं झालंय. डॉक्टर चांगलं बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, वय आहे. हे असंच होत जाणार. पण घरातल्यांना त्रास कमी झालाय ना? आरडाओरडा थांबला ना?" मी त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते. घड्याळावर औषधाचं नाव छापलेलं होतं, आणि तेच नाव माझ्या पिशवीतल्या बाटलीवर होतं. आता घड्याळावर नाव असणं हा काही गुन्हा नाही. भेट मिळालेलं घड्याळ कुणीही लावतं. पण औषध नक्की कुणासाठी चाललं होतं, हा प्रश्न त्या खोलीत माझ्या मनात घुसला तो अजून निघालेला नाही. त्रास कुणाचा कमी करायचा होता? आत्याचा, की तिच्या आजूबाजूच्यांचा?

मी आत्याला जालन्याला माझ्या घरी आणलं; बाळूही सोबत आला. शाळेतल्या एका बाईंनी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. तिथंही रांग होती, पंखा आवाज करत होता, बसायला जागा नव्हती. मी भिंतीवर घड्याळ आहे का ते बघितलं. नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी खुर्ची ओढली, आत्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगा. काय होतंय?" मी तोंड उघडलं तर मला हातानं थांबवलं. आत्याला एक वाक्य जुळवायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्या बसून राहिल्या. बाहेर लोक ओरडत होते. शेवटी आत्या म्हणाली, "डोकं… माझं न्हाई राह्यलं."

त्यांनी तिचा हात धरून वाकवून बघितला, चालायला लावलं, रक्त-लघवी तपासायला दिली, आणि मला सगळी औषधं टेबलावर ओतायला लावली. मग एकेक उचलून मला आणि बाळूला सांगितलं. झोपेच्या गोळीनं तोल गेला, आजी पडल्या. विसरणंही तिच्यामुळे वाढलं असणार. मग थेंब आले. थेंबांनी अंग ताठलं, हात थरथरायला लागले. थरथर थांबवायला ही पांढरी गोळी आली, या वयात तिनं भास होतात, म्हणून मेंढरं दिसली. आणि मेंढरं दिसली म्हणून थेंब वाढवले. "एकाचा त्रास निस्तरायला दुसरं येत गेलं," त्या म्हणाल्या. "सगळं यामुळेच आहे असं मी आज सांगत नाही. थोडा विसर वयाचाही असेल. आधी हे कमी करून बघू. पण एकदम नाही हं. एकदम बंद केलंत तर उलटा त्रास होईल." मग बाळूकडे वळून म्हणाल्या, "आणि चोरून काही द्यायचं नाही. जे द्यायचं ते त्यांना सांगून." बाळू मान खाली घालून उभा होता.

ते पुढचे आठवडे कठीण गेले. झोप पुन्हा उडाली, अंगाची आग व्हायची, माझ्यावर हात उगारायची. डॉक्टरीणबाईसुद्धा चुकत असतील, मी एका डॉक्टरवर संशय घेऊन दुसरीच्या नादी लागलेय, असं मला कितीदा तरी वाटलं. पण हळूहळू लाळ थांबली. मेंढरं गेली. पावलं उचलून पडायला लागली. आणि एका सकाळी गल्लीत भाजीचा गाडा आला. मी पैसे आणायला आत वळले आणि परत आले तर आत्या गाड्याला धरून उभी, वरचे टमाटे बाजूला सारून खालचे काढत होती. गाडेवाला म्हणाला, "सगळा एकच माल आहे, आजी." आत्या म्हणाली, "मंग खालचा दाखवायला काय झालं?" मी फाटकापाशीच उभी राहिले. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं.

सगळी औषधं सुटली असं मात्र नाही. डॉक्टरीणबाईंनी एक बारीक गोळी ठेवली. आत्या आता भांडण्याएवढी बरी झाली होती. म्हणाली, "मालक गेले त्याचं दुःख हाय मला. त्याला गोळी कशाला?" त्या म्हणाल्या, "दुःखावर गोळी नाही, आजी. दुःखानं तुमची भूक-झोप गेलीय, ती परत यायला आहे. मनाला पटत असेल तर घ्या." "अन् बंद कधी करायची?" "जेवायला लागलात की दोघी मिळून ठरवू." आत्या रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "सुमे, चालू करणारे लई भेटले. बंदचं इचारल्यावर जवाब देणारी ही एकलीच." ती गोळी तिनं रोज स्वतःच्या हातानं घेतली, आणि काही महिन्यांनी त्या दोघींनी ठरवून ती सोडलीही.

पावसाळ्यात ती हसनाबादला परत गेली. जाण्याआधी बाळू मला एकटीला गाठून म्हणाला, "ताई, चहाचं तिला सांगू नको. मरेपर्यंत आमचं तोंड बघणार न्हाई ती." मी काहीच कबूल केलं नाही. आत्यानंही मला एकदा विचारलं होतं, "खरं सांग, घालत होते ना?" मी म्हटलं होतं, "घरी गेल्यावर त्यांनाच विचार." ते त्यांनीच सांगायला हवं होतं असं मला वाटत होतं.

ते मंदानं सांगितलं. मी दोन दिवसांसाठी गेले होते. आम्ही तिघी ओसरीत तूर निवडत बसलो होतो. बाळू भोकरदनला गेला होता. मंदानं सूप खाली ठेवलं आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, "आत्याबाई, मी चहात औषध घालत होते. तुम्ही इचारायच्या अन् मी न्हाई म्हणायचे. तुमचं बराबर होतं."

मी आत्याकडे बघितलं. आता ही सूप फेकणार, शिव्या देणार, शेजारपाजार गोळा करणार असं वाटलं. आत्याच्या हातातले दाणे तसेच राहिले. ती म्हणाली, "म्हंजे मी येडी नव्हते."

"न्हाई, आत्याबाई."

"मला वाटायचं, डोकंच फिरलं. सगळे न्हाई न्हाई म्हन्तेत, मंग माझंच खोटं असल. मी माझ्या मनाला खोटं म्हणायला लागल्ते, मंदे." तिचा चेहरा सैल झाला होता. एवढा सुटलेला चेहरा मी मामा गेल्यापासून बघितला नव्हता. आपला विश्वासघात झाला हे कळल्यावर माणसाला हलकं वाटू शकतं, हे मी त्या दुपारी बघितलं. राग नंतर आला. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतून जुना रॉकेलचा स्टोव्ह काढला, घासला, आपल्या खोलीच्या पडवीत मांडला. पातेलं वेगळं, कप वेगळा, साखरेचा डबा वेगळा. त्या दिवसापासून तिचा चहा तीच करायची. भाकरी सगळ्यांबरोबर खायची, एकाच टोपल्यातली. चहा मात्र नाही. मी गेले की मलाही तिथंच बोलवायची, आणि आम्ही पडवीत चहा पीत असू तेव्हा मंदा आतून बाहेर, बाहेरून आत अशी कामं करत राहायची.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ती चांगली जगली. थोडं विसरायची, ते राहिलंच. पण बाजाराला जायची, भांडायची, माझ्या नातवाला हातात घेऊन "नाक कोणाचं हाय ह्याचं?" म्हणून सुनेकडे संशयानं बघायची. आणि मग ती सकाळ.

डॉक्टर वाईट आणि औषध म्हणजे विष, असं मला म्हणायचं नाही. एका बारीक गोळीनं तिला जेवतं केलं हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण मी बदलले. आता लग्नकार्यात गेले की कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसवलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात बघते. थरथरताहेत का? ओठ ओले आहेत का? सोबतचं माणूस म्हणतं, वय झालं आता. मी मान हलवते, आणि मनात म्हणते, वय झालं, की काही सुरू झालं आणि बंद करायचं राहून गेलं? बाळूलाही मी माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. जमिनीचा विषय त्यानं आत्या असेपर्यंत काढला नाही, हे खरं. तरी ती खोली मी तपासलीच.

तेराव्यानंतर मी निघाले तेव्हा पाहुणे पांगले होते. मंदा म्हणाली, "ताई, चहा घेऊन जा." मी नको म्हणण्याआधीच ती पडवीत गेली. आत्याचा स्टोव्ह तसाच होता. मंदानं पंप मारला, काडी लावली, आत्याच्याच पातेल्यात चहा ठेवला. मी खांबाला टेकून तिच्या हातांकडे बघत होते. सवयच ती. साखर कुठल्या डब्यातून घेते, पाठ फिरवते का… तिनं पाठ फिरवली नाही. कप भरला, उचलला, स्वतःच्या तोंडाला लावून एक घोट घेतला आणि मग तोच कप माझ्यापुढे धरला.

मी बघतच राहिले. तेव्हा तिच्या लक्षात आलं. जीभ चावली. "अगं बाई… उष्टा दिला तुम्हाला. थांबा, ताई, दुसरा देते."

"हे काय?"

"सवय लागली," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर त्यांच्या हातांत जोर राह्यला न्हाई, स्टोव्हचा पंप मारता येईना. एक दिवस मला हाक मारली. म्हन्ल्या, मंदे, तू कर, पन माझ्यासमोर कर, अन् आधी तू घे. मंग मी रोज इथं बसून करायचे. एक घोट मी घ्यायचे, मंग त्या घ्यायच्या." एका हातानं तिनं स्टोव्हची चावी सोडली. "चार-सहा दिवसांनी म्हन्ल्या होत्या, पुरे आता, उगं उष्टं कशाला करती. पन मीच सोडलं न्हाई, ताई."

मी तिच्या हातातून तोच कप घेतला आणि पडवीत खाली बसले.